देसांकाच्या पाठीवरची सॅक

भिंतीवर ती जुनी हिरवी सॅक टांगलीय ना, जिच्यासमोर उभं राहून तुम्ही आत्ताच फोटो काढलात, तीच मी बोलतेय. थोडा वेळ कान द्या. या घरात माझ्याविषयी रोज बोललं जातं, पण मला कुणी काही विचारत नाही.

माझा जन्म सर्बियातला. नीश शहराबाहेर एक शिवणकारखाना होता, तिथल्या बायका सूर्यफुलाच्या बिया चघळत दिवसभर मशीन चालवायच्या. मला जिनं शिवलं, तिनं शेवटचा टाका घातला, माझे दोन्ही पट्टे धरले, अंगातलं सगळं बळ लावून ओढून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हिच्या पोटातून सुईसुद्धा बाहेर पडायची नाही."

खरं बोलली बाई. माझ्या पोटात गेलेलं आजवर आपणहून कधी बाहेर आलेलं नाही. मला तेव्हा तो माझा गुण वाटायचा.

मला विकत घेतलं देसांकानं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात स्वयंपाकीण होती. नवरा दारूनं लवकर गेलेला, पोरगा एकच, ओग्न्येन. तो विद्यापीठातून पास झाला आणि ती मला काखोटीला मारून घरी आली. "घे. जग बघून ये. पण उन्हाळा संपायच्या आत घरी ये."

"तू पण चल की, आई."

"मी? आणि शाळेतल्या पोरांचं सूप कोण ढवळील, तुझा आजा?"

माझी तळाची जागा तिनंच भरली. लोकरीचे मोजे, सुकवलेलं मांस, एक पाव. ओग्न्येननं स्टेशनावर पोचायच्या आत मोजे बाजूच्या कप्प्यात कोंबले आणि वर गॉगल ठेवला.

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. सोफियाला जाणारी गाडी इतकी सावकाश चालायची की खिडकीतून हात काढून चेरी तोडाव्यात. ग्रीसमधल्या सलोनिकाच्या फलाटावर मी त्याची उशी झाले. पिरेयसहून आम्ही बेटांच्या बोटी धरल्या. डेकवर मीठ, डिझेल आणि संत्र्याच्या सालींचा वास यायचा. मी भिजले, वाळले, उन्हानं विटले. प्रत्येक धक्क्यावर नवी माणसं भेटायची आणि दुसऱ्या धक्क्यावर सुटायची.

या सॅकवाल्या पोरांची एक खोड मला तेव्हाच कळली. संध्याकाळी ती गोल करून बसतात आणि गोष्टी सांगतात. कुणाला वाळवंटात ताप आलेला असतो, कुणाला चोरांनी लुटलेलं असतं, कुणाचा पासपोर्ट कुत्र्यानं खाल्लेला असतो. ज्याची गोष्ट मोठी, त्याच्याकडे सगळ्या माना वळतात. ओग्न्येन त्या गोलात नेहमी कडेला असायचा. सांगायला त्याच्यापाशी होतं काय? एक शहर, एक स्वयंपाकीण आई, एक दारुडा बाप. हे कोण ऐकणार?

पात्रासहून इटलीतल्या बारीला जाणाऱ्या बोटीवर असाच गोल बसला होता. ओग्न्येननं मला टेकून कोपर ठेवलं होतं. समोर इलारिया नावाची एक मुलगी बसली होती, बारीच्याच बाजूची. घरी परत चालली होती. तिनं विचारलं, "तू नीशचा ना? नव्व्याण्णव साली तुमच्याकडे बॉम्ब पडले, तेव्हा तू कुठे होतास?"

सगळ्या माना वळल्या. पहिल्यांदाच.

"घरी," तो म्हणाला. "लहान होतो. आई बाजारात गेली होती. कांदे आणायला."

"मग?"

त्याच्या कोपराची नस माझ्या कापडावर उडताना मला जाणवली. मग तो म्हणाला, "परत आली नाही."

इलारियानं पुढे सरकून त्याचा हात हातात घेतला. माझ्या बाजूच्या कप्प्यात देसांकानं विणलेले मोजे होते. त्याचं कोपर बरोबर त्यांच्यावरच होतं.

बारीचं बंदर आलं तरी तो हात हातातच होता. मग तो कसा सांगणार, की थांब, मी खोटं बोललो?

शरद ऋतूत तो घरी आला खरा, पण सामान न्यायला. मला कपाटावर फेकलं आणि चाकांची बॅग बाहेर काढली. "सॅक नको आता, आई. मी काही भटका नाही. तिकडे इटलीत नोकरी लागलीय मला." देसांकानं फळीवरून मला जरा सरळ केलं, माझे पट्टे आत दुमडले आणि म्हणाली, "असू दे. येशील तेव्हा लागेल."

त्यानंतर माझ्यावर वर्षांमागून वर्षांची धूळ साचली. वरून मला सगळं ऐकू यायचं. दर रविवारी तो फोन करायचा, मग महिन्याला, मग सणाला. "सध्या गर्दी आहे, आई." "उन्हाळा संपू दे." "पुढच्या ईस्टरला नक्की."

पलीकडच्या दारातली रुझा रोज कॉफीला यायची. जिभेला धार असलेली बाई. "काय गं देसा, तुझा साहेब कधी येतोय? का तिकडे त्याला पोप केलं?"

"कामात असतो तो."

"कामात तर गाढवही असतं. पण संध्याकाळी गोठ्यात येतं."

एक दिवस हीच रुझा धावत आली. तिच्या भाचीनं फोनवर ओग्न्येनचं नाव टाकून पाहिलं होतं. समुद्राकाठचं एक पांढरं घर, सॅकवाल्या प्रवाशांना दुमजली पलंग भाड्यानं देणारं. दारात ओग्न्येन, शेजारी इलारिया, आणि त्याच्या खांद्यावर एक पोर.

"हे कुणाचं गं लेकरू?" देसांकानं विचारलं.

रुझाची जीभ त्या दिवशी पहिल्यांदाच मऊ झाली. "डोळे बघ ना, देसा. तुझेच आहेत."

देसांका किती तरी वेळ त्या फोनकडे बघत बसली. मग म्हणाली, "बायको कॅथलिक असणार, आपण ऑर्थोडॉक्स. त्याला वाटलं असेल, आई रागावेल. वेडा कुठला. मी कशाला रागावते?"

आपल्या पोराची सबब शोधायला आईला वेळ लागत नाही. रुझानं कॉफी संपवली आणि कप विसळून ठेवून गेली.

त्या वसंतात देसांका नोकरीतून निवृत्त झाली. दुसऱ्याच दिवशी तिनं खुर्चीवर चढून मला खाली काढलं आणि अंगणात नेऊन बडव बडव बडवलं. मग भरायला घेतलं. अयवरच्या, म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या, आलुबुखाराचा मुरांबा, टॉवेलात गुंडाळलेली राकियाची, आमच्याकडच्या फळांच्या दारूची बाटली. सगळ्यात वर एक लाल स्वेटर, फोटोतल्या पोरीच्या अंदाजानं विणलेला. ओग्न्येनला तिनं कळवलं नाही. कळवलं असतं तर तो म्हणाला असता, उन्हाळा संपू दे.

"या वयात सॅक?" रुझा म्हणाली. "लोक म्हणतील, म्हातारी पळून चालली."

"पळून जायला कुणी धरून ठेवलंय का मला?"

रुझानं रीतीप्रमाणे तिच्या मागे उंबऱ्यावर लोटाभर पाणी ओतलं, प्रवास पाण्यासारखा सुरळीत व्हावा म्हणून. आम्ही निघालो.

बेलग्रेडला गाडी बदलली आणि समुद्राकाठच्या बार गावाची गाडी धरली. बोगदे, पूल, पुन्हा बोगदे. देसांका खिडकीला नाक लावून बसली होती. डब्यात नेझा नावाची एक स्लोव्हेनियन मुलगी होती, तीही सॅक घेऊन निघालेली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग देसांकाकडे.

"मावशी, तुम्ही एकट्याच? सॅक घेऊन?"

"का? तुलाच गुडघे दिलेत का देवानं?"

नेझा हसली. अर्ध्या तासात दोघी एका बरणीतून पावाला लावून अयवर खात होत्या. बोलता बोलता नेझानं बॉम्बचं विचारलं. आमच्याकडच्या माणसाला परदेशी पोरं हे विचारतातच.

देसांका म्हणाली, "बाजारात होते मी. कांदे घेत होते. आवाज झाला तशी भाजीवालीनं मला फळीखाली ओढलं. उठले तर निम्मा बाजार आडवा. माझी पिशवी हातातच होती. धावत सुटले. घरी पोरगा फाटकाशी उभा. मला बघितलं आणि जो स्कर्ट धरला, तो झोपेतसुद्धा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला स्कर्टाला लटकवूनच सूप ढवळलं मी." तिनं बोटावरचं अयवर चाटलं. "त्याच्याकडेच चाललेय. माहीत नाही त्याला. बघ आता कसा उडतो ते."

मी वरच्या फळीवर होते. ओग्न्येनची गोष्ट अर्धी खरी होती, हे मला त्या दिवशी कळलं. अर्धी गोष्ट खरी असली की उरलेली अर्धी जास्त काळी दिसते. देसांका, उतर. पुढच्या स्टेशनावर उतर आणि घरी जा. मी एवढं म्हणू शकले असते तर! पण शिवणाऱ्या बाईनं मला तोंड दिलं होतं ते फक्त भरायला.

बार बंदरातून बोट. ती रात्रभर डेकवरच्या बाकावर बसली, माझ्या पट्ट्यात हात अडकवून. बारी दिसू लागलं तसा तिनं केस विंचरले, ओठांना जरा लाली लावली, आणि लगेच पुसलीही.

बारीहून छोट्या गाडीनं आम्ही या गावी आलो. दार उघडंच होतं. टेबलामागे इलारिया बसली होती. ओग्न्येनकडून ती आमची भाषा शिकली होती, मोडकीतोडकी.

"तुम्ही कुठून आला, सिन्योरा?"

"नीशहून."

इलारिया टाळी वाजवून उठलीच. "नीश! माझी नवरा पण नीशची! बसा, बसा! पैसा नाही, कागद नाही, तुम्ही पाहुणी!" तिनं स्वतः मला देसांकाच्या पाठीवरून उतरवलं. "इतकी जड! किती दूर आणली तुम्ही!"

"त्याच्यासाठीच आणलंय," देसांका म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. मी त्याची...

पण इलारिया आधीच कोपऱ्याकडे वळली होती. "तो किती खूश होईल. त्याचं तिकडे कुणी नाही. बघा, ही त्याची आई." भिंतीतल्या कोनाड्यात एक फोटो होता, तिशीतल्या बाईचा. पुढे मेणबत्ती जळत होती. "बॉम्बनं मेली. बाजारात. तो इतका छोटा होता. मी रोज मेणबत्ती लावतो."

देसांकानं स्वतःच्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला ठिपक्यांचा फ्रॉक तिनं स्वतः शिवलेला होता. तिचा हात खाली आला आणि माझ्या पट्ट्यावर घट्ट बसला.

तेवढ्यात आतून ती पोर आली, अनवाणी, हातात अर्धा पीच.

"आणि ही माझी मुलगी. आजीचं नाव दिलं तिला. देसांका. आम्ही देसा म्हणतो. देसा, सिन्योराला 'चाऊ' म्हण. तुमचं नाव काय, सिन्योरा?"

तिनं माझा पट्टा सोडला आणि पोरीकडे पाहिलं.

"रुझा," ती म्हणाली. "मी त्याच्या आईची शेजारीण."

ओग्न्येन पावांचं खोकं घेऊन आत आला, तेव्हा पोर देसांकाच्या मांडीवर बसून तिला पीच भरवत होती. तो दारातच थिजला.

"बघ कोण आली!" इलारिया ओरडली. "तुझी गावची! रुझा मावशी! तुझ्या आईची शेजारीण!"

त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली. मग 'रुझा' हे नाव त्याच्या डोक्यात शिरलं, आणि भीती ओसरून तिथे जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. त्याला सुटल्यासारखं वाटलं. आईला समोर बघून पोराला सुटल्यासारखं वाटलं, ते ती आई आहे हे तिनं सांगितलं नाही म्हणून.

"या, मावशी," तो म्हणाला. "प्रवास बरा झाला ना?"

"झाला, बाळा. रस्ता चांगला आहे."

दुपारी जेवून घर झोपलं. सामानाच्या खोलीत मी होते, तिथे ते दोघं आले. त्यानं दार लावून घेतलं.

"आई, हळू बोल."

"मेलेली माणसं मोठ्यानं बोलत नसतात. घाबरू नकोस." ती माझ्याजवळ खोक्यावर बसली. "मला कशी मारलीस, तेवढं सांग."

त्यानं सांगितलं. बोट, तो गोल, तो प्रश्न. मान वर न करता.

"कांदे खरे होते," ती म्हणाली. "पण परत आले होते मी."

"एकदा तोंडातून गेलं, आई. मग तिनं तुझा फोटो मागितला. मग मेणबत्ती लावली. मग पोरीला तुझं नाव ठेवलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगू. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

"आहे त्याच तोंडानं. आज संध्याकाळी. मी शेजारी बसते. ती ओरडेल, चार बशा फोडेल, रडेल, आणि मग मला जेवायला वाढेल. चांगली पोरगी आहे ती. जिनं न बघितलेल्या सासूसाठी इतकी वर्षं मेणबत्ती जाळली, ती बघितलेल्या सासूला हाकलील होय?"

तो खिडकीकडे बघत होता. बाहेर अंगणात चादरी वाळत होत्या.

"हे घर तिच्या वडिलांचं आहे," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी मला आधीच नाखुशीनं घरात घेतलंय... आणि आता गर्दीचे दिवस येतायत, आई. उन्हाळा संपू दे. मग मी..."

देसांकानं हात वर केला.

"कळलं," ती म्हणाली.

तिनं माझी दोरी सोडली आणि एकेक वस्तू बाहेर काढून त्याच्या हातात दिली. बरण्या, मुरांबा, बाटली. लाल स्वेटर मात्र तिनं दिला नाही. तो स्वतः पोरीच्या अंगावर चढवला, भर उकाड्यात. बाह्या जरा लांब झाल्या होत्या. तिनं त्या दुमडून दिल्या. पोरीनं तो संध्याकाळपर्यंत काढू दिला नाही.

ती दुसऱ्याच दिवशी निघाली. इलारियानं तिला मिठी मारली, बोटीत खायला पीच दिले आणि डोळे पुसत म्हणाली, "त्याची आई असती, तर तुमच्याएवढीच असती."

"असती," देसांका म्हणाली. "तिच्यासाठी मेणबत्ती लावतेस ना? लाव. तुझं काही वाया जायचं नाही."

"आणि तुमची सॅक?"

"ती त्याची आहे. मी नुसती वाहून आणली."

पीचची पिशवी हातात घेऊन ती स्टेशनाकडच्या रस्त्याला लागली. ओग्न्येन दारात उभा होता. ती वळणापाशी पोचली तरी त्याचा पाय काही उंबऱ्याबाहेर पडला नाही. त्या पाठीवर बसून मी समुद्रापार आले होते, पण ती पाठ इतकी लहान आहे हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मला इथे इलारियानं टांगलं. "तुझ्या पहिल्या प्रवासाची सॅक, लोकांना दिसू दे," म्हणाली. तेव्हापासून तो माझ्याखाली उभा राहून पाहुण्यांना गोष्ट सांगतो. घरी कुणीच उरलं नव्हतं, म्हणून ही सॅक उचलली आणि निघालो. पोरी डोळे टिपतात. पोरं त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. मग माझा फोटो काढतात. तुम्हीही काढलात.

गेल्या हिवाळ्यात, पाहुणे नसताना, त्याला एक फोन आला. तो माझ्याखालीच उभा होता. पलीकडचा आवाज मी ओळखला, रुझाचा. धार तीच होती, फक्त चिरकलेली. "काल पुरलं तिला. तुला फोन लावून लावून बोटं दुखली माझी. शेवटी पेटी आम्ही शेजाऱ्यांनी उचलली, ओग्न्येन."

त्यानं फोन ठेवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. त्याचा खांदा माझ्या लोंबत्या पट्ट्याला लागला. रडला नाही. ज्या आईला पुरून पंचवीस वर्षं झाली असं सगळ्या जगाला सांगितलं, तिच्यासाठी तो आज कसा रडणार?

इलारिया हात पुसत बाहेर आली. "कुणाची फोन? काय झाली?"

त्यानं वर पाहिलं. दार अजूनही उघडं होतं. खरं सांगायला एका वाक्याचं अंतर होतं. मी भिंतीवरून वाट बघत होते.

"रुझा मावशी गेली," तो म्हणाला.

इलारिया तिथेच जमिनीवर बसली आणि रडू लागली. अगदी खरं रडली. "किती चांगली होती ती! देसाला स्वेटर दिला." मग नाक पुसून तिनं विचारलं, "तिला मुलं होती?"

"एक मुलगा."

"तो जवळ होता? शेवटी?"

"नाही."

इलारियाचा चेहरा रागानं लाल झाला. "आई मरते आणि येत नाही? कसली मेली मुलगा तो!"

ओग्न्येननं मान हलवली. हो म्हणाला.

एवढीच माझी कहाणी. माझे पट्टे आता कुजलेत, चेन गंजली आहे, तळाला उंदरानं भोक पाडलंय. आता कुणाच्या पाठीवर बसायची माझी इच्छा नाही.

पण तुम्ही उद्या निघाल. पुढे गाड्या आहेत, बोटी आहेत, डेकवर गोल करून बसलेली माणसं आहेत. सॅक हलकी ठेवायला जे नको ते खुशाल मागे टाका. मात्र मागे राहिलेल्या जिवंत माणसाला आपल्या गोष्टीसाठी मारू नका. आणि कुणी घरचं विचारलंच, तर सांगा, आई आहे, स्वयंपाक करते. कुणाच्या माना नाही वळल्या, तर नाही वळल्या.